प्राचीन इजिप्तमध्ये फिरताना माणूस म्हणून आपण क्षुद्र आहोत असं खरंच वाटतं का? इतिहासाबद्दल काय जाणवतं?

पिरॅमिडपाशी वाटतं, खोटं कशाला बोलू. खुफू राजाचा पिरॅमिड मुळात सुमारे 146 मीटर उंच होता, त्यात अंदाजे 23 लाख दगड आहेत आणि साडेचार हजार वर्षं तो तिथे उभा आहे. पण हे क्षुद्र वाटणं उंटवाले मागे लागेपर्यंतच टिकतं. शिवाय बांधणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं, म्हणजे आपण त्याच्याच जाहिरातीला भुलायचं! रोमन काळातले सगळेच पर्यटक इतके भारावत नसत. व्हॅली ऑफ किंग्ज या राजांच्या थडग्यांच्या खोऱ्यात, सहाव्या रामसेस राजाच्या थडग्यात त्यांनी भिंती खरडून ठेवल्यात. त्यातल्या एकाने तर शवपेटी सोडून काहीच आवडलं नाही, असं चक्क लिहिलंय.

माणसांचा इतिहास मला भेटला तो लक्सरला, नाईलच्या पश्चिम काठावर, दैर अल-मदिना या कामगारवस्तीत. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे सुमारे चारशे वर्षं पिढ्यान् पिढ्या राहिले. आज उरल्यात त्या फक्त बुटक्या भिंती. मधून अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना एकाला एक लागून घरं, थेट आपल्या चाळीसारखी. पाणीसुद्धा गाढवांवरून यायचं. पण लिहितावाचता येणारे बरेच होते, आणि ते चुनखडीच्या कपच्यांवर, खापरांवर वाट्टेल ते लिहीत. अशा हजारो कपच्या सापडल्यात.

त्यातली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या 40व्या वर्षातलं, म्हणजे इ.स.पू. 1250च्या आसपासचं मस्टरच ते. प्रत्येकाच्या नावापुढे खाड्याच्या तारखा काळ्या शाईत आणि वर लाल शाईत कारण. आजारी. डोळे दुखतात. विंचू चावला. आईच्या प्रेताची तयारी. घर बांधतोय. बिअर बनवतोय. हे वाचून ज्याला हसू येणार नाही त्याने आयुष्यात कधी रजेचा अर्ज लिहिला नसावा.

संपाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी, इ.स.पू. 1157च्या सुमारास, कारागिरांचा पगार थकला. पगार म्हणजे धान्य, त्यामुळे थकला की थेट चूलच थंड. माणसं काम टाकून निघाली आणि एका मंदिरामागे ठिय्या मारून बसली. भुकेने आणि तहानेने इथवर आलोय, अंगावर कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, फॅरोला कळवा, हे त्यांचं म्हणणं कारकुनाने जसंच्या तसं नोंदवलं. तो पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, आता इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप हाच मानतात. पुढचं सगळं ओळखीचं आहे. अधिकारी आले, समजूत घातली, थोडं धान्य सुटलं, पुन्हा थकलं, पुन्हा ठिय्या.

वस्तीला लागूनच सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. अरुंद पायऱ्या उतरून जेमतेम एक खोली, पण रंग असे की काल दिलेत असं वाटावं. भिंतीवरच्या चित्रात मृत्यूनंतरच्या शेतात तो नांगर धरून चाललाय आणि मागून बायको बी पेरतेय. दोघांचेही कपडे पांढरेशुभ्र, चिखलाचा डाग नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची थडगी सजवणाऱ्याने स्वतःसाठी काय मागितलं, तर भरघोस पीक आणि जोडीला बायको.

तिथून जवळच मेदिनेत हाबू हे तिसऱ्या रामसेसचं मंदिर आहे. भिंतींवरची अक्षरं इतकी खोल कोरलीत की बोटं आत जातील. एके ठिकाणी शत्रूंच्या कापलेल्या हातांचा ढीग कोरलाय आणि कारकून तो मोजून लिहून घेताहेत. मेलेल्यांचा हिशेब असा चोख ठेवणाऱ्या दरबाराला साठ-सत्तर घरांचा शिधा मात्र वेळेवर पोचवता येत नव्हता.

जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. दैर अल-मदिना आधी करा आणि मेदिनेत हाबू नंतर. उलट केलंत तर राजाचीच बाजू आधी कानावर पडते.