‘एकोणसत्तर’ मराठी माध्यमालाच का अडतो?

प्रश्न : आमच्या भागातल्या शाळांनी सातवीसाठी गणिताची ३० गुणांची एकच चाचणी घेतली. मूळ कन्नड प्रश्नांचं मराठी भाषांतर केलं होतं. ‘एकोणसत्तर रुपयांची एक वही, तर सहा वह्यांचे किती?’ हा प्रश्न मराठी माध्यमाच्या खूप मुलांचा चुकला. तो पक्षपाती म्हणायचा का?
— शिक्षिका, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : नुसत्या टक्केवारीवरून म्हणता येणार नाही. एका माध्यमाच्या मुलांची गणिताची तयारीच कमी असेल, तर सगळेच प्रश्न त्यांना कमी येतील. सारखे एकूण गुण असलेल्या मुलांमध्येही हा प्रश्न एकाच माध्यमाला जास्त अडतो का, हे पाहायला हवं. त्यासाठी मँटेल-हेन्झेल पद्धत वापरतात. ती १९५९ साली रोगांच्या अभ्यासासाठी मांडली गेली. परीक्षांच्या कामात ती नंतर आली.

मुलांचे एकूण गुणांप्रमाणे थर करा. समजा, ११ ते २० गुणांच्या थरात दोन्ही माध्यमांची १००-१०० मुलं आहेत. कन्नडची ६० बरोबर, ४० चूक आणि मराठीची ४० बरोबर, ६० चूक. कन्नडचे बरोबर गुणिले मराठीचे चूक, भागिले थरातली एकूण मुलं : ६०×६०÷२०० = १८. उलटा गुणाकार : ४०×४०÷२०० = ८. प्रत्येक थराचं असं काढून दोन्ही बेरजा करा. त्या ३८.३ आणि १७.८ आल्या, तर गुणोत्तर २.१५. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम (कॅल्क्युलेटरवरचं ‘ln’) घेऊन −२.३५ ने गुणा : −१.८०. चिन्ह सोडून आकडा १ च्या आत असेल तर फरक किरकोळ. १.५ किंवा जास्त असेल आणि १ पेक्षा जास्त असणं हा योगायोग नाही असं सांख्यिकी चाचणीतून दिसलं, तर प्रश्न बाजूला काढून तपासा.

घोटाळा बहुधा थरांत होतो. दहा-दहा गुणांचे थर फार रुंद : एकाच थरात ११ वाला आणि २० वाला येतो आणि तयारीतला फरक प्रश्नाच्या माथी बसतो. मुलं पुरेशी असतील तर दर गुणाला एक थर ठेवा. एका शाळेच्या पटावर हे करू नका. शाळा एकत्र करून प्रत्येक माध्यमाची निदान २०० मुलं घ्या. इतर सदोष प्रश्न एकूण गुणांतून वगळून हिशेब पुन्हा करा. तपासायचा प्रश्न मात्र एकूणात राहू द्या. प्रश्न हुशार मुलांत एका बाजूला आणि कच्च्यांत दुसऱ्या बाजूला झुकत असेल, तर ही पद्धत तो पकडत नाही. तिथे लॉजिस्टिक रिग्रेशन (गुण आणि माध्यम यांवरून उत्तर बरोबर येण्याची शक्यता काढणारी सांख्यिकी पद्धत) लागतं.

आकडा बोट दाखवतो, कारण सांगत नाही. ते चुकीच्या उत्तरांत शोधा. कन्नडमध्ये ‘अरवत्तोंबत्तु’ म्हणजे सरळ साठ आणि नऊ. मराठीत मुलाला सत्तरातून एक वजा करावा लागतो. ४१४ ऐवजी ४७४ लिहिणाऱ्या मुलाने ७९ धरले. त्याचा गुणाकार बरोबर आहे! गुणाकारच तपासायचा असेल तर प्रश्नात ‘६९’ अंकांत छापा. संख्यावाचन तपासायचं असेल, तर ती अडचण त्या कौशल्याचाच भाग आहे. त्याला पक्षपात म्हणू नका.

आणखी एक. सगळीच शाब्दिक उदाहरणं अवघड मराठीत उतरली असतील, तर एकूण गुणच खाली येतात आणि ही पद्धत आंधळी होते. तेव्हा थर फक्त अंकांतल्या प्रश्नांच्या गुणांवर करा आणि तपासायचा प्रश्न त्यात मिळवा.