विषुववृत्तावर थंडी वाजते का? (केनिया)

तुम्ही विचारलंय की केनिया विषुववृत्तावर आहे, तर जुलैत नैरोबीला जाताना स्वेटर कशाला आणि पाऊस रोज असतो का. स्वेटर घ्या, जाड घ्या. हेच मी माझ्या थोरल्या दिरांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाऊजींनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. विषुववृत्त म्हणजे घनदाट अरण्य, घामाच्या धारा आणि दुपारी चारचा पाऊस, हे त्यांचं ठाम मत. जुलैत आमच्याकडे आले ते सुती शर्ट घेऊन. नैरोबी जवळपास १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. त्या दिवसांत आग्नेय वारे दमट हवा चढावर ढकलत आणतात, आभाळ दिवसचे दिवस भरलेलं राहतं. दुपारी एकवीस-बावीस अंश, पहाटे अकरा-बारा. माझी शाल पांघरून भाऊजी म्हणाले, "यंदा काहीतरी वेगळं असेल." मला फार लागलं ते. मी इतकी वर्षं इथे राहते, त्याची किंमत पुस्तकातल्या नकाशाहून कमी?

त्यांना माउंट केनियाच्या पायथ्याशी असलेल्या नान्युकी गावाला नेलं. तिथे रस्त्याकडेला विषुववृत्ताची पाटी आहे. ढग हटले तेव्हा ५,१९९ मीटरच्या माउंट केनियावरचा बर्फ दिसला. भाऊजी गप्प. पुढच्या आठवड्यात मोम्बासाला उतरलो तर म्हणतात, "बघ, इथे उकडतंय ना!" अहो, मोम्बासा समुद्रकाठी आहे! हजार मीटर चढलं की साधारण सहा अंश उतरतात, एवढाच हिशेब आहे. अक्षांश सांगणाऱ्या माणसाला आधी उंची विचारावी.

पावसाचं म्हणाल तर मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. उत्तरेत तुर्काना सरोवराकडे, विषुववृत्तापासून तीन-चार अंशांवर, चक्क वाळवंट आहे. जूननंतरचे वारे केनियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहत विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाजवळ वळतात आणि अरबी समुद्रावरून थेट कोकणात पाऊस घेऊन जातात. फिंडलेटर नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हा प्रवाह नीट मांडला. आपला मान्सून माझ्या दारावरून जातो, याचा मला अभिमान वाटतो. भाऊजींना हे सांगितलं तर म्हणाले, "अभ्यासक्रमात नव्हतं."

हां, पश्चिमेला काकामेगाचं जंगल आणि केरिचोचे चहामळे आहेत. तिकडे दुपारचा पाऊस बराच नेमाने येतो, तेवढ्यापुरते भाऊजी बरोबर. आणि समुद्रात पोहायचंच असेल तर जुलै सोडा. तेव्हा कुसी, म्हणजे दक्षिणेकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्याने, पाणी खवळलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत जा.