संत्र्याच्या पैशातून रेसकोर्सचं चित्र घ्यावं का?

प्रश्न: वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. मृग बहाराचे साडेचार लाख हाती आलेत. सोसायटीचं 2.6 लाख पीककर्ज बाकी आहे. नागपूरचे एक विक्रेते राउल द्यूफी या फ्रेंच चित्रकाराचं डोव्हिल रेसकोर्सवरचं लिथोग्राफ (दगडावर रेखून छापलेलं चित्र) सव्वातीन लाखांना देताहेत. 1962 ची छपाई, प्रत 87/300 (300 पैकी 87 वी), खाली चित्रकाराची पेन्सिलीची सही. दोन वर्षांत दुप्पट होईल म्हणतात.

उत्तर: ताई, घेऊ नका. द्यूफी 1953 सालीच वारले. मग 1962 च्या कागदावर त्यांनी सही केली कशी, एवढंच विक्रेत्याला विचारा.

चित्रकाराच्या पश्चात काढलेल्या प्रती बाजारात असतात, त्यात गैर काही नाही. पण त्यांना हयातीतल्या सहीच्या प्रतीचा भाव मिळत नाही. कागद उजेडात तिरपा धरून पाहा. पेन्सिलीची सही चमकते, कागदावर तिचा दाब उमटतो; छापलेली सही बाकीच्या शाईसारखीच सपाट दिसते. मग दहापट भिंगातून घोड्यांचा रंग बघा. ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसले तर ती साधी ऑफसेट, म्हणजे छापखान्यातली यांत्रिक छपाई. रंग रेषेबाहेर सांडलाय म्हणून मात्र शंका नको, द्यूफींची ती शैलीच आहे.

आता दुपटीचं. दोन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 41 टक्के! किसान विकास पत्राला सध्याच्या दराने 115 महिने लागतात. शिवाय विकताना लिलाववाले कमिशन कापणार. संत्र्याचं उत्पन्न करमुक्त असलं तरी चित्रावरचा नफा तसा नाही: चित्र करमाफीच्या घरगुती सामानात धरत नाहीत, 24 महिन्यांनंतर विकलं तरी नफ्यावर 12.5 टक्के कर. विक्रेता सगळे रोख मागत असेल तर तिथेच थांबा. एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून जास्त रोख घेणं बेकायदा आहे.

आधी कर्ज फेडा. मुदतीत फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याजात सवलत मिळते, मुदत चुकली की ती सवलत गेली. उरलेल्या 1.9 लाखांतले लाखभर खत, फवारणी, मजुरीसाठी बचत खात्यात राहू द्या. झाडांवर डिंक्या रोग आला तर तेव्हा उसनवारी नको. बाकीची वर्षाची एफडी.

चित्र मनात भरलंच असेल तर एखादी चांगली छापील प्रत काचेची फ्रेम करून आतल्या भिंतीवर लावा. कूलरच्या झोतात नको, दमट हवेने कागदावर तपकिरी डाग पडतात.