इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब आणि कोलोकेशन्स कशी शिकावीत?

व्याकरण पक्कं आहे, शब्दही भरपूर येतात, तरी लिहिलेलं इंग्रजी ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, असं तुम्ही म्हणता. याद्या घोकत असाल तर आधी त्या बाजूला ठेवा. 'टेक'चे वीस फ्रेझल व्हर्ब (म्हणजे क्रियापदाला 'ऑन', 'अप'सारखा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्या) एका दमात पाठ केले की 'टेक ऑन', 'टेक ओव्हर', 'टेक अप' यांची हमखास सरमिसळ होते.

त्यापेक्षा कोलोकेशन्ससाठी, म्हणजे नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दांच्या जोड्यांसाठी, नाम पकडा. बोलताना नाम सहज सुचतं, अडतं ते क्रियापदाशी. 'डिसिजन' जिभेवर असतो, पण 'मेक' की 'डू'? म्हणून वाचताना 'कन्सर्न' दिसला, तर नुसता अर्थ बघून पुढे जाऊ नका, त्याचे सोबती बघा. कुणीतरी तो 'रेज' करतं, कुणी 'एक्सप्रेस' करतं, ज्याची जबाबदारी असते तो 'ॲड्रेस' करतो, आणि वाढत चालला की 'ग्रोइंग कन्सर्न'. एवढ्या भांडवलावर बातमीचा अख्खा परिच्छेद लिहिता येतो. वहीत मात्र पूर्ण वाक्य उतरवा, सुटी जोडी नको. पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग' का, याचं कारण शोधत बसू नका; तशी रूढी आहे, बस्स.

फ्रेझल व्हर्बच्या बाबतीत अर्थाइतकीच शब्दांची जागाही महत्त्वाची. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' दोन्ही चालतं, पण सर्वनाम आलं की फक्त 'पुट इट ऑफ'. उलट 'लुक आफ्टर' कधीच तुटत नाही, तिथे 'लुक आफ्टर इट'च. आणि 'लुक फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीटिंग यू' येतं, 'मीट यू' नाही. ही चूक ऑफिसच्या ईमेलमध्ये फार दिसते.

जोडी बरोबर आहे का अशी शंका आली तर ऑक्सफर्डचा कोलोकेशन शब्दकोश बघा. 2002 साली तो पहिल्यांदा निघाला. त्यात नाम काढलं की त्याला लागणारी विशेषणं आणि क्रियापदं एका जागी मिळतात. खरी वाक्यं हवी असतील तर 'कोका' हा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह ऑनलाइन आहे. 1990 पासूनच्या मजकुरातले एक अब्जाहून जास्त शब्द त्यात आहेत.

'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'सारखे वाक्प्रचार सध्या राहू द्या, समजले तरी पुरे. तुमच्या कामात रोज लागणारी दहा नामं आजच लिहून काढा आणि त्यांच्यापासून सुरुवात करा.