महिलांच्या एमएमएमध्ये (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला लढतीचा खेळ) वजनगट कोणते असतात? ५९ किलोच्या मुलीने कुठल्या गटात उतरावं?

तुमची धाकटी बहीण कुस्तीतून आलेली, वजन ५९ किलो, आणि जिममधले सर तिला पहिल्याच हौशी लढतीत ५६.७ किलो गटात उतरवायचं म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी मुलींना जुडो शिकवते आणि त्यातल्या काही जणी पुढे एमएमएकडे वळल्या. माझं मत आधीच सांगते: पहिल्या लढतीसाठी पाणी बंद करून वजन उतरवायचं नाही. तिला ६१.२ मध्ये खेळू द्या.

एमएमएचे प्रचलित नियम अमेरिकेत पौंडांत ठरले, म्हणून किलोचे आकडे असे अपूर्णांकात येतात. महिलांमध्ये ॲटमवेट ४७.६ किलोपर्यंत, स्ट्रॉवेट ५२.२, फ्लायवेट ५६.७, बँटमवेट ६१.२ आणि फेदरवेट ६५.८. किताबाच्या लढतीत हा आकडा काटेकोर पाळावा लागतो, एरवी सहसा एक पौंडाची सवलत असते. कुस्तीत ५३, ५५, ५७, ५९, ६२ अशा जवळजवळच्या पायऱ्या आहेत. तिथे तुमची बहीण बरोबर ५९ मध्ये बसली असती. इथे दोन गटांमध्ये साडेचार किलोंचं अंतर आहे आणि ती नेमकी मधोमध अडकली आहे.

नावावर मात्र जाऊ नका. सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या लढतींमध्ये तीच नावं एकेक पायरी वर सरकलेली आहेत. रितू फोगट तिथे ज्या ॲटमवेट गटात खेळली त्याची मर्यादा ५२.२ किलो, आणि पूजा तोमरने जून २०२४ मध्ये यूएफसी या अमेरिकेतल्या मोठ्या एमएमए संस्थेतली आपली पहिली लढत जिंकली ती स्ट्रॉवेटमध्ये, तीही ५२.२ चीच. म्हणून आयोजकांशी बोलताना गटाचं नाव विचारू नका, किलो विचारा.

आता हे गट असे विरळ का? मला वाटतं, ते शरीरांकडे बघून ठरलेच नाहीत, खेळाडू किती मिळतात ते बघून उघडले गेले. यूएफसीमध्ये महिलांची पहिली लढत फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली, राँडा राउझी विरुद्ध लिझ कार्मुश, बँटमवेटमध्ये. तेव्हा तिथे महिलांसाठी तो एकच गट होता. २०१४ मध्ये स्ट्रॉवेट आला, २०१७ मध्ये फेदरवेट आणि फ्लायवेट. मधल्या वर्षांत ज्यांचं अंग ५६.७ चं होतं त्यांनी काय करायचं? व्हॅलेंटिना शेवचेन्को मोठ्या अंगाच्या बायकांशी ६१.२ मध्ये लढत राहिली, अमांडा न्युनेसकडून दोनदा हरली, त्यातली दुसरी लढत तर पंचांमध्येही मतभेद होऊन गेली. फ्लायवेट सुरू झाल्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये ती विजेती झाली. तिला तिचा गट मिळायला इतका वेळ लागला. क्रिस सायबोर्गची उलटी अडचण होती. तिच्यासाठी वर गटच नव्हता, म्हणून २०१६ मध्ये तिला ६३.५ किलोवर ठरवलेल्या लढतींसाठी भयंकर वजन उतरवावं लागलं. पुढे फेदरवेट आला खरा, पण त्यात पुरेशा लढवय्या कधी जमल्याच नाहीत आणि २०२३ मध्ये त्याही गटाची विजेती असलेली न्युनेस निवृत्त झाल्यावर तो मोडीत निघाला. जुडोत ७८ किलो गटात दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली केला हॅरिसन आज यूएफसीत ६१.२ मध्ये खेळते, कारण त्याच्या वर तिथे महिलांसाठी गटच उरलेला नाही. आणि ४७.६ चा गट यूएफसीने आजवर उघडलेला नाही. आपल्याकडच्या बारीक चणीच्या मुलींचा विचार केला की मला याची फार खंत वाटते.

तुमचे सर म्हणतील, ६१.२ मधल्या मुली खऱ्या ६५-६६ किलोच्या असतात, वजन उतरवून येतात, मग ही लहान पडेल. व्यावसायिक लढतींत हे खरं आहे. तिथे आदल्या दिवशी वजन घेतात आणि पुन्हा खाऊनपिऊन अंग भरायला जवळजवळ चोवीस तास मिळतात. पण हौशी स्पर्धांत बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी वजन असतं. तेव्हा कोणालाच एवढं उतरवून परत भरता येत नाही, आणि पाणी काढून उतरलेली मुलगी कोरड्या अंगानेच आत जाते. पॅरिसमध्ये विनेश फोगटचं १०० ग्रॅमचं दुखणं आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेही सकाळच्याच वजनाचं. निको मॉन्टान्यो ही यूएफसीची पहिली फ्लायवेट विजेती. २०१८ मध्ये वजन उतरवतानाच ती रुग्णालयात दाखल झाली, लढत रद्द झाली आणि किताबही गेला. तिच्यामागे अनुभवी माणसं होती, तरी हे झालं.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष प्रशिक्षक क्वचितच विचारतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी धरतं, काहींचा काटा किलोभर सहज वर जातो. लढतीची तारीख त्या दिवसांत येत असेल तर ५६.७ साठी उतरवायच्या २.३ किलोचे ३.३ होतात. आणि सतत कमी खाऊन पाळीच थांबली, तर ती तयारी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं. हाडं ठिसूळ होण्यापर्यंत गोष्ट जाते. मुली हे सरांना सांगत नाहीत, म्हणून तुम्ही घरच्यांनी विचारा.

५६.७ ला माझा कायमचा विरोध नाही. दोन-तीन महिन्यांत, भात-पोळी न तोडता, नुसत्या नीट खाण्याने आणि सरावाने ती ५७ च्या आसपास आपसूक आली, ताकद टिकली, पाळी नियमित राहिली, तर तो तिचा गट. नाहीतर नाही.

मधला मार्गही आहे. स्थानिक स्पर्धांत मुलींच्या जोड्या लागणं कठीण असतं, त्यामुळे आयोजक कॅचवेटला, म्हणजे दोघींना मान्य अशा मधल्या वजनाला, बऱ्याचदा तयार होतात. सरांना सांगून ५९ किलोची लढत मागून बघा. ठरलं तर वजन किती वाजता घेणार आणि लढत किती तासांनी, हे दोन्ही लेखी घ्या, आणि समोरच्या मुलीच्या आधी किती लढती झाल्यात तेही विचारा.