वाचक विचारतात: वळवाचा वारा, धरणाचे पाणी आणि होडी

या वेळच्या टपालात बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल (घटप्रभेवरचे) व नविलुतीर्थ (मलप्रभेवरचे) या धरणांविषयी आणि निपाणी-चिकोडीकडच्या नद्यांविषयी इतकी पत्रे आली की सगळे सदर त्यांनाच दिले आहे.

प्रश्न: आमचे गाव हिडकलच्या बॅकवॉटरला आहे. घरची फायबरची होडी आहे, वल्ह्यांची. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी एकदम वारा सुटतो आणि होडी आवरत नाही. ढग दिसल्यापासून काठाला लागायला किती वेळ मिळतो? (हुक्केरी तालुका)

फार थोडा. आणि बहुतेकांचा घोटाळा एकाच गोष्टीत होतो: ते पावसाची वाट बघतात. होडी उलटवतो तो वारा, आणि वारा पावसाच्या आधी येतो.

वळवाच्या ढगात उंचावर हवा गारठलेली असते. ढगातून पाऊस आणि गारा सुटल्या की ही जड, थंड हवा त्यांच्याबरोबर खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि परातीत ओतलेल्या पाण्यासारखी चहूकडे पसरते. ढगाच्या पुढे काही किलोमीटर ती धावत जाते. त्यामुळे तुमच्या डोक्यावर ऊन असते, पावसाचा थेंब नसतो, आणि तरी वारा येऊन थडकतो.

आता हिशेब बघा. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपलीकडून ऐकू येत नाही. म्हणजे पहिला गडगडाट कानावर पडला तेव्हा ढग जास्तीत जास्त तेवढ्याच अंतरावर आहे. ताशी ४० किलोमीटरचा वारा हे अंतर २२ मिनिटांत कापतो. दोन माणसे आणि जाळी भरलेली होडी वल्ह्याने ताशी ३ किलोमीटर जाते, तेही पाणी शांत असेल तर. म्हणजे एका किलोमीटरला २० मिनिटे. गडगडाट ऐकल्यावर निघालात आणि काठ किलोमीटरभर लांब असला, तर तुम्ही जेमतेम पोचता. ढग त्याहून जवळ असला तर पोचत नाही. म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे की एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर वल्ह्यांची होडी काठापासून अर्ध्या किलोमीटरपलीकडे नेऊ नये.

गडगडाटाच्याही आधी खुणा दिसतात. सकाळपासून अंगाला चिकचिक असते. अकरा-बाराला डोंगरावर फुलकोबीसारखे ढग वर चढू लागतात. तीनच्या सुमारास त्यांतल्या एकाचा माथा चपटा होऊन ऐरणीसारखा पसरला, की तो ढग पिकला. मग वारा पडतो, पाणी तेलासारखे गुळगुळीत होते. बरेच जण या शांततेला फसतात. त्यानंतर काठावरच्या शेतातून धुळीची भिंत उठते, ओल्या मातीचा वास आणि गार झुळूक येते, आणि लांब पाण्यावर एक काळी रेघ सरकताना दिसते. ती रेघ म्हणजे वाऱ्याने चिरडलेले पाणी. ती दिसली की हातात दोन-तीन मिनिटे उरलेली असतात.

हिडकलमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घटप्रभा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे जलाशयही त्याच दिशेने लांब पसरलेला आहे. वळीव पुष्कळदा उगवतीकडून येतो, म्हणजे वारा धरणाच्या भिंतीकडून वर, जलाशयाच्या लांबीवरून धावतो. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा जोर, तो किती वेळ टिकला आणि त्याला मोकळे पाणी किती मिळाले, या तीन गोष्टींवर ठरते. त्यामुळे त्याच वाऱ्यात भिंतीजवळ बारीक लाट असते आणि बॅकवॉटरच्या गावांना मोठी. सौंदत्तीकडे नविलुतीर्थाच्या पाण्यावर भोवतीचा मुलूख उघडा असल्याने वाऱ्याला आडोसाच नाही. तिथे अधिकच जपावे.

राहिली जाळी. संध्याकाळी चार-पाचला जाळी लावून पहाटे काढायची, ही रीत बाकी वर्षभर ठीक आहे. पण वळवाची वेळही नेमकी तीच. या दोन महिन्यांत जाळी सकाळी अकराच्या आत लावा, नाहीतर वळीव येऊन गेल्यावर.

प्रश्न: मध्येच सापडलो तर नेमके काय करायचे? (दड्डी परिसर)

आधी जाळी सोडा. अर्धवट ओढलेली जाळी होडीला एका बाजूने धरून ठेवते आणि लाट त्याच बाजूने आत येते. जाळ्याला रिकामा कॅन बांधलेला असेल तर ते उद्या सापडते.

मग सगळ्यांनी तळाशी बसायचे, कोणी उभे राहायचे नाही. होडीचे पुढचे टोक वाऱ्याकडे, लाटेला किंचित तिरके ठेवा. होडी आडवी झाली की उलटते. वल्ह्यांनी टोक धरून ठेवणे जमत नसेल तर १० ते १५ मीटर दोराला एक मजबूत बादली बांधा, दोराचे दुसरे टोक होडीच्या पुढच्या कडीला पक्के करा आणि बादली पाण्यात टाका. बादली पाणी धरून मागे खेचते आणि होडीचे तोंड आपोआप वाऱ्याकडे राहते. प्लॅस्टिक बादलीचा कान तुटतो, म्हणून दोर कानाला न बांधता बादलीभोवती जाळे विणून बांधावा. दोर मागच्या बाजूला मात्र कधीही बांधू नका. इंजिनाच्या वजनाने ती बाजू आधीच खाली असते, लाट सरळ आत शिरते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे वाऱ्याविरुद्ध घराकडे वल्हवत राहण्यात दम घालवू नका. जो काठ सोपा, तो आपला. उतरायला मातीचा सपाट उतार निवडा. धरणाच्या भिंतीचे दगडी अस्तर टाळा, तिथे लाट होडी फोडते.

होडी उलटलीच तर तिला धरून राहा. फायबरची होडी पालथी झाली तरी आत हवा कोंडलेली असल्याने बराच वेळ तरंगते. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटणारे दमून बुडतात, कारण लाटांमधून काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. अशी वावटळ बहुधा अर्ध्या-पाऊण तासात निवते.

इंजिन असेल तर त्याच्या बंद-कळीची दोरी मनगटाला अडकवलेलीच हवी. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन सुरू राहिले तर होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

प्रश्न: विजेचे काय? लाकडी होडीवर वीज पडत नाही म्हणतात. (खानापूर)

पडते. मोकळ्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू होडीत बसलेला माणूसच असतो. होडी कशाची आहे याला महत्त्व नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. आकडा ३० च्या आत आला की पाण्याबाहेर पडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात उतरू नका. काठावर आल्यावर एकट्या झाडाखाली थांबू नका. पक्के घर किंवा चारचाकी गाडी गाठा. अडकलातच तर वल्हे, गळाची काठी, छत्री आडवी ठेवा आणि हात पाण्यात घालू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आणि कर्नाटक सरकारचे 'सिडिलु' ॲप मोबाइलवर असू द्या. पण बॅकवॉटरच्या घळीत रेंज जाते, म्हणून भरवसा डोळ्यांवर आणि कानांवरच ठेवा.

गारा आल्या तर मासळीचे टोपले किंवा घमेले डोक्यावर धरा.

प्रश्न: लाइफ जॅकेट घेतले आहे, पण ते बरोबर आहे हे कसे ओळखायचे? (संकेश्वर)

पाण्यात माणसाचे वजन जेमतेम चार-पाच किलो उरते. तेवढे उचलून तोंड वर ठेवायचे असते. जॅकेटच्या आतल्या लेबलावर न्यूटनमध्ये आकडा असतो: मोठ्या माणसासाठी १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलोचा उचल देणारे घ्या. नुसते फुगीर दिसणारे, लेबल नसलेले जॅकेट घेऊ नका.

मापाची परीक्षा घरीच होते. जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, हात वर करा आणि दुसऱ्या कोणाला खांद्यांशी धरून ते वर ओढायला सांगा. हनुवटी आत गेली, कान झाकले गेले, तर जॅकेट सैल आहे आणि पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. फोम बोटाने दाबून सोडा. खड्डा भरून आला नाही तर ते जुने झाले. उशाशी घेऊन किंवा वर बसून फोम मरतो. आणि होडीच्या तळाशी दोरीने बांधून ठेवलेले जॅकेट वारा आल्यावर घालता येत नाही. ते निघतानाच अंगावर पाहिजे.

प्रश्न: मेमध्ये पाणी उतरल्यावर होडी चालवताना काय बघावे? (हुक्केरी)

खाली काय आहे ते. पाणी आटते तसे हुन्नूरचे विठ्ठल मंदिर वर येते, तशाच जुन्या भिंती, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधेही पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात. सगळ्यांत वाईट ते जेमतेम पाण्याखाली असलेले. ओळखीची वाट सोडू नका, वेग कमी ठेवा, पुढे एकाला बांबूने ठाव घेत बसवा. उतरताना गाळाचा भरवसा धरू नका. वरून सुकलेली साय आणि खाली गुडघाभर चिखल असतो.

प्रश्न: जोरदार वळीव झाला की धरण भरून पूर येतो का? आणि टीव्हीवर सांगतात ते क्युसेक आणि टीएमसी कसे समजून घ्यायचे? (गोकाक)

वळवाने धरण भरत नाही. तो पाच-दहा गावांवर तासभर पडतो आणि तापलेली जमीन त्यातले बरेच पिऊन टाकते. वळवाचा धोका ओढ्या-नाल्यांना असतो. तुमच्याकडचा महापूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आंबोली-चंदगडच्या घाटात दिवसेंदिवस पडणाऱ्या पावसाने. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै तसेच होते.

हिशेब एकदा पाठ करा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी २४ तास आले की एक टीएमसी होते. हिडकलची क्षमता सुमारे ५१ टीएमसी. समजा धरणात ४५ टीएमसी आहे आणि आवक ४० हजार क्युसेक. म्हणजे दिवसाला साडेतीन टीएमसीच्या आसपास. उरलेली सहा टीएमसी जागा बेचाळीस तासांत संपते. दरवाजे त्याच्या आधीच उचलावे लागतात. त्यामुळे 'अजून सहा टीएमसी बाकी' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. आवक किती आहे ते विचारा.

गोकाककरांनी याहून पुढचे बघायला हवे. हिरण्यकेशी हिडकलच्या खाली घटप्रभेला मिळते, मार्कंडेयही गोकाकजवळ मिळते. हे पाणी हिडकलची भिंत अडवत नाही. धरणाचा विसर्ग कमी असतानाही लोळसूर पुलाकडे पाणी चढू शकते, आणि तिन्ही एका वेळी आल्या तर झपाट्याने चढते. म्हणून संकेश्वरला हिरण्यकेशी किती आहे याची चौकशी रोज करा. नदीकाठी एका खांबावर रंगाने फूट-फूटभर खुणा करून दर तासाला आकडा लिहिलात, तर पाणी चढण्याचा वेग तुम्हाला कोणाच्याही आधी कळेल.

प्रश्न: पुरात आमच्याकडे गुऱ्हाळाच्या काहिलीतून माणसे, जनावरांचा चारा नेतात. ते कितपत सुरक्षित आहे? (निपाणी)

काहील तरंगते, कारण ती पसरट आहे. पण तिला ना टोक, ना सुकाणू. प्रवाहात ती गरगर फिरते, आणि सगळे एका कडेला सरकले की कड पाण्याखाली जाते. साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यात, गल्लीतून शाळेपर्यंत, दोन माणसे मधोमध बसून, दोन्ही बाजूंनी दोर धरून नेण्यापुरती ती ठीक. वाहत्या पाण्यात काहील घालू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो.

शिवारातल्या पुरात बोटीलाही सापळे असतात. उसाचे शेंडे आणि ठिबकच्या नळ्या इंजिनाच्या पंख्यात गुंततात, म्हणून सुरी जवळ हवी आणि पंखा सोडवण्याआधी इंजिन बंद. विहिरीवर पाणी गोल फिरताना दिसते, तिथून लांब राहा. विजेच्या तारा एरवी डोक्यावर उंच असतात, पुरात हाताला येतात. लाइन बंद केल्याची खात्री होईपर्यंत त्यांच्याखालून जायचे नाही.

आणि बंधारे. कल्लोळ-यडूर, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज असे बंधारे पुरात बुडतात तेव्हा वरून फक्त एक गुळगुळीत पट्टा आणि खाली पांढरा फेस दिसतो. त्या फेसात पाणी उलटे, बंधाऱ्याकडे फिरत असते. त्यात सापडलेली बोट बाहेर येत नाही, जॅकेट घातलेला माणूससुद्धा पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. बंधारा बुडाला की त्याच्या वरच्या बाजूलाही बोट घालू नये. बरगे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात घातलेल्या फळ्या, पावसाआधी काढले नाहीत तर त्यांना झाडे-झुडपे अडकून फुगवटा वाढतो आणि पाणी काठ कापत बाजूने वाट काढते. गावाने मेअखेरच हे काम झाले का ते बघावे. यमगर्णीला वेदगंगेचे पाणी हायवेवर आले की दुचाकी ढकलत नेणारे दिसतात. गुडघाभर वाहते पाणी माणसाला आडवे करते. बोट हवी असेल तर ११२ किंवा जिल्ह्याचा १०७७ लावा, आणि गावाबरोबर कोणत्या काठावर, कोणत्या देवळाजवळ आहात तेही सांगा.

प्रश्न: बळ्ळारी नाल्याकाठी आमचे भात आहे. वळवातच पाणी शिवारात शिरते. (येळ्ळूर)

तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर एकट्या एकरावर दोन लाख लिटर पाणी पडते. नाला गाळाने आणि जलपर्णीने अडलेला असेल तर ते बाहेर जात नाही, उलट नाल्याचे पाणी बांधावरून आत येते. पूर्ण नाल्याची सफाई सरकारी काम आहे आणि त्यासाठी पावसाआधी सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून अर्ज द्यायला हवा. तुमच्या हातात आहे ती बांधाची मोरी. मेच्या पहिल्या आठवड्यात ती मोकळी करा आणि नाल्याच्या बाजूने तिला झडप बसवा, म्हणजे नाला चढला की पाणी उलटे येणार नाही. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत) केली असेल आणि उगवण्याआधी पाणी साचले, तर बियाण्याला हवा मिळत नाही आणि ते कुजते. त्यासाठी सखल तुकडा शेवटी पेरा आणि थोडे बियाणे मागे राखून ठेवा.