फेसबुकवरचा ‘मेजर’ खरा की खोटा, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की सोलापुरातल्या तुमच्या मावसबहिणीशी चार महिन्यांपासून एक ‘मेजर’ फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर बोलतोय. वय 28, गाव माढा तालुक्यात, पोस्टिंग जम्मूकडे. लग्नाचं पक्कं म्हणतो आणि आता रजा मंजूर करून घ्यायला 18 हजार मागतोय. माणूस खरा की खोटा?

खोटा. बाकी काही तपासायच्या आधीच ‘रजेसाठी पैसे’ एवढ्यावर मी हे सांगतो. लष्करात रजेला फी नसते. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस नैमित्तिक रजा असते, अधिकाऱ्याची नैमित्तिक रजा 20 दिवसांची. रजा मिळते, नाकारली जाते, कधी ऐनवेळी रद्दही होते, पण पैसे भरून सुटत नाही. ‘लीव्ह सर्टिफिकेट’, ‘बदली माणसाचा खर्च’, ‘हेडक्वार्टरचं क्लिअरन्स’ ही सगळी भामट्यांनी काढलेली नावं आहेत. पुढे अपघात होईल, ऑपरेशन निघेल, खातं फ्रीज होईल. खऱ्या फौजीवर मिलिटरी हॉस्पिटलात मोफत उपचार होतात आणि पगार त्याच्या स्वतःच्या नावच्या बँक खात्यात जमा होतो.

म्हणून पहिली तपासणी फोटोची नको, खात्याची करा. त्याने दिलेला यूपीआय आयडी किंवा नंबर ॲपमध्ये टाका. पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. नाव बघा आणि तिथूनच मागे फिरा. बहुतेक वेळा तिथे भलत्याच राज्यातल्या भलत्याच माणसाचं नाव निघतं. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘मित्राचं खातं आहे, माझं सिक्युरिटीमुळे चालत नाही.’ हे भाड्याने घेतलेलं खातं असतं.

आता फोटो. गणवेशातले फोटो बहुधा खरेच असतात, पण दुसऱ्या कुणाचे. कधी तर शहीद झालेल्या अधिकाऱ्याचे उचललेले असतात. त्यामुळे ‘गणवेश अगदी बरोबर आहे’ याने काहीच सिद्ध होत नाही. तपासायचा तो फोटोफोटोंमधला फरक. कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात, मेजरच्या खांद्यावर नुसती सिंहमुद्रा, लेफ्टनंट कर्नलच्या मुद्रा आणि एक तारा. एका फोटोत तीन तारे आणि त्याच आठवड्यातल्या म्हणून पाठवलेल्या दुसऱ्यात मुद्रा आणि तारा असेल, तर फोटो दोन ठिकाणांहून उचललेत. लष्कराचा नवा लढाऊ गणवेश जानेवारी 2022 मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला, त्याची नक्षी बारीक चौकड्यांची आहे. ‘काल काढलेल्या’ फोटोत जुना गणवेश दिसला तर तारीख खोटी असल्याचा दाट संशय धरा.

नावाची पट्टी छातीवर त्याच्या उजव्या बाजूला असते आणि पदकांच्या फिती डाव्या बाजूला. हे उलटं दिसलं तर फोटो आरशासारखा फिरवलेला आहे. इमेज सर्चमध्ये सापडू नये म्हणून भामटे असं करतात. फोनच्या एडिटमध्ये फोटो पुन्हा फिरवा, चेहरा आणि छातीपुरता कापा आणि गूगल लेन्समध्ये टाका. मात्र सेल्फी कॅमेराही फोटो उलटा करतो, तेव्हा नुसत्या उलट्या फोटोवर कुणाला चोर ठरवू नका. पट्टीवरचं आडनाव वेगळं निघालं किंवा ती जागा मुद्दाम धूसर केलेली असली, तर मग शंका उरत नाही.

28 व्या वर्षी मेजर होता येतं का? येतं. कमिशननंतर, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यावर, सहा वर्षांनी ती बढती मिळते, म्हणजे हा मुद्दा त्याच्या विरोधात जात नाही. तीस वर्षांचा कर्नल मात्र शक्य नाही, कारण त्याच्या खालचं लेफ्टनंट कर्नल पद मिळायलाच 13 वर्षं लागतात. न मागता ओळखपत्र किंवा कॅन्टीन कार्डचा फोटो आला तर उलट सावध व्हा. खरा फौजी ते असं कुणालाही पाठवत नाही. 2020 मध्ये लष्कराने आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, त्यावरून या बाबतीतली कडक शिस्त लक्षात येते.

एक सांभाळा: ‘युनिट कुठलं, चौकी कुठे’ असं खोदून विचारू नका. खरा माणूसही ते सांगणार नाही आणि खोट्याला लपायला जागा मिळेल. विचारायचं ते घरचं. मुलीला स्थळ आलं की आपण चौकशी करतोच ना? गाव, भावकी, मामाचं गाव, शाळा, शेती. तीच चौकशी इथे करा, आणि लिहून नको, फोनवर. माढ्याकडचा माणूस कुर्डुवाडी जंक्शनवरून आपल्या गावाला कसं जायचं हे झोपेतही सांगेल. भामटा थांबतो, टाइप करून शोधतो, नाहीतर ‘लहानपणापासून बाहेरच वाढलो’ म्हणून हिंदीवर येतो. मग गावात थेट माणूस पाठवा. सोलापूरहून माढा तालुका काही लांब नाही, आणि पोरगा मेजर झालेला असेल तर अख्ख्या गावाला माहीत असतो. ‘आधी घरी कळवू नकोस’ असा आग्रह तो धरत असेल, तर त्याला भीती याच चौकशीची आहे.

व्हिडिओ कॉलवर फार भिस्त ठेवू नका. दहा-पंधरा सेकंदांचा धूसर कॉल म्हणजे जुना व्हिडिओ चालवलेला असू शकतो. मान पूर्ण बाजूला वळवायला सांगा, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. आणि अशा कॉलवर कपडे काढायला सांगितलं की फोन लगेच बंद. ते रेकॉर्डिंग पुढे धमकीला वापरलं जातं.

याच धंद्याचा दुसरा अवतार परदेशी ‘जनरल’चा. सोन्याचं किंवा डॉलरचं पार्सल दिल्ली विमानतळावर अडकतं आणि ‘कस्टम ऑफिसर’ बाई फोन करून ड्यूटी मागतात. कस्टम खातं कुणाच्या वैयक्तिक खात्यात ड्यूटी घेत नाही. त्यांच्या पत्रावर डिन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (कस्टम खातं ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या) वेबसाइटवर टाकून तपासता येतो.

बहिणीला एक प्रश्न नक्की विचारा, आणि ओरडून नको: तिच्या खात्यात त्याने कुणाचे पैसे मागवून पुढे पाठवायला लावले आहेत का? तसं असेल तर ते दुसऱ्या फसलेल्या माणसाचे पैसे असतात. तिचं खातं गोठवलं जातं आणि पोलीस आधी तिच्याच दारात येतात. त्यांची वाट न बघता तिनेच सायबर पोलिसांकडे जावं.

पैसे आधीच गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. रक्कम खात्यात शिल्लक असेपर्यंतच रोखता येते, आणि ती पुढच्या खात्यांत फार झपाट्याने पांगते. हाताशी ठेवा: 12 आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, आपली बँक, समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक. पोचक्रमांक मिळेल, तो घेऊन बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्या. पिन तिने स्वतः टाकलेला असल्याने अनधिकृत व्यवहाराची भरपाई सहसा मिळत नाही. म्हणून सगळी मदार रक्कम रोखण्यावर आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार करता येते. गुन्हा नोंदवायला शहरात आयुक्तालयाचं सायबर पोलीस ठाणं आहे, बार्शी-पंढरपूरकडच्यांनी ग्रामीण पोलिसांकडे जावं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती सोय आहे.

ब्लॉक करायच्या आधी पुरावा जपा. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करा आणि फेसबुक प्रोफाइलची लिंक कॉपी करा. नुसता नावाचा स्क्रीनशॉट पुरत नाही, नाव तो रातोरात बदलतो.

यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ‘तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो, कधी पोलिसाच्या आवाजात. फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना विकतात. रक्कम परत मिळायची असेल तर ती पोलीस आणि बँकेमार्फत, गरज पडली तर कोर्टाच्या आदेशाने येते, त्यासाठी कुठल्याही मोबाइल नंबरवर पैसे पाठवावे लागत नाहीत.